यशोगाथा आणि पोच : मराठवाड्यातील लोकफेलोशिपची एक चिकित्सा

'फेलोशिप' या शब्दाला मराठीत अजून एकमताचे नाव मिळालेले नाही. विद्यापीठे आणि बार्टीसारख्या संस्था 'अधिछात्रवृत्ती' म्हणतात, जुने लेखक 'पाठ्यवृत्ती' म्हणत. दोन्ही शब्दांत विद्यार्थी आणि पाठ गृहीत धरलेले आहेत. कुणीतरी शिकणार, त्याच्या खर्चाची सोय दुसरे कुणी करणार, असा तो व्यवहार. गेल्या दोन दशकांत मात्र हा शब्द विद्यापीठाच्या आवाराबाहेर पडला. नांदेड, लातूर, बीड, धाराशिव या जिल्ह्यांत दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त वस्त्यांतील कार्यकर्ते आणि एकल स्त्रिया 'फेलो' म्हणवल्या जाऊ लागल्या. त्यांच्यापुढे पदवी नव्हती. तलाठ्याचे दप्तर, रेशनचे दुकान आणि तहसीलची खिडकी हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय, आणि तेच अभ्यासाचे ठिकाणही.

या फेलोशिपविषयी बोलताना दोनच सूर ऐकू येतात. एक गौरवाचा : तळागाळातून नेतृत्व उभे राहते आहे. दुसरा तुच्छतेचा : परदेशी आणि कंपन्यांच्या पैशाने चळवळीची धार बोथट केली जाते आहे. दोन्ही सुरांत या फेलोशिपमधून जे मराठी गद्य लिहिले जाते ते कुणी वाचलेले दिसत नाही. वाङ्मयीन मासिकाच्या वाचकापुढे हा विषय मांडण्याचे कारण तेच आहे. फेलो वर्षभर दोन प्रकारचे लेखन करतो. एक अर्ज, जो सरकारी कार्यालयात जातो. दुसरी यशोगाथा, जी अहवालात जाते. आर्थिक न्यायाची बाजू या दोहोंपैकी कोणते लेखन अधिक प्रामाणिकपणे मांडते, हा या लेखाचा प्रश्न आहे.

१

आधी वंशावळ पाहू. आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासातली सर्वांत फलदायी पाठ्यवृत्ती म्हणजे १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना दिलेली. कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी तीन वर्षे, महिना साडेअकरा पौंड. त्या बदल्यात शिक्षण संपल्यावर बडोदा संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार. १९१७ मध्ये बाबासाहेब बडोद्याला परतले तेव्हा त्या करारातली नोकरी होती, पण राहायला जागा देणारे शहर नव्हते. पारशी विश्रामगृहातून त्यांना कसे बाहेर पडावे लागले हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. पैसा माणसाला वर नेतो, पण ज्या समाजात त्याला परतायचे तो समाज तसाच राहिला तर करार कागदावर उरतो. ही त्या पाठ्यवृत्तीतली पहिली शिकवण.

दुसरा पूर्वज अधिक जवळचा आणि अस्सल मराठी आहे. १९८०च्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, बाबा आढाव, नरेंद्र दाभोलकर आदींच्या पुढाकाराने 'सामाजिक कृतज्ञता निधी' उभा राहिला. अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग नामवंत नटसंचात गावोगाव करून पैसा जमवला, तो गुंतवला आणि त्याच्या व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन दिले. तिकीट काढून हसायला आलेला प्रेक्षक नकळत एखाद्या कार्यकर्त्याच्या घरच्या पीठमिठाची सोय करून जात होता. या व्यवस्थेतला महत्त्वाचा भाग तिच्या नावात आहे. कृतज्ञता. देणारा समाज ऋणी आहे आणि कार्यकर्ता त्या ऋणाचा धनको आहे, अशी ती मांडणी. आजच्या फेलोशिपच्या कागदांत हे नाते उलटे झालेले दिसते. तेथे फेलो संधी मिळाल्याबद्दल आभारी असतो.

तिसरा पूर्वज या प्रदेशातलाच. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे गेली. पुनर्बांधणीच्या सरकारी कार्यक्रमाला जागतिक बँकेचे साहाय्य होते. जी गावे हलवायची नव्हती, जिथली घरे दुरुस्त आणि मजबूत करायची होती, अशा लातूर-उस्मानाबादच्या शेकडो गावांत प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेने लोकसहभागाचे काम पाहिले. गावातल्या महिला मंडळांतून 'संवाद सहायक' नेमल्या गेल्या. कुणाच्या घराला किती अनुदान, कामाचा दर्जा कसा तपासायचा, हप्ता का अडला, हे गावाला सांगणे आणि गावाचे म्हणणे अभियंत्यापर्यंत नेणे हे त्यांचे काम. ज्या बाईने उभ्या आयुष्यात ग्रामपंचायतीची पायरी चढली नव्हती ती सिमेंट-वाळूचे प्रमाण विचारू लागली. 'फेलो' हा शब्द तेव्हा तिथे आला नव्हता, पण काम तेच होते : आपल्याच गावात राहून, मानधनावर, सरकार आणि वस्ती यांच्यामधली वाट तुडवणे.

२

ही वाट मराठवाड्यातच इतकी लांब का, याचे उत्तर जमिनीत आहे. १७ सप्टेंबर १९४८ला निजामी राजवट संपली आणि १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. पण गावातला दलित भूमिहीनच राहिला. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पडीक आणि गायरान जमिनी कसणाऱ्याच्या नावे करा, ही साधी मागणी. त्यानंतर २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठ नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यातल्या दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांचा खून त्याच दिवसांतला. नामांतराची चर्चा आपण बहुधा अस्मितेच्या भाषेत करतो. जळाली ती घरे, धान्य आणि भांडीकुंडी होती. पाठोपाठ आले ते बहिष्कार : शेतात काम नाही, दुकानात सामान नाही, गिरणीत दळण नाही. ज्याची स्वतःची गुंठाभर जमीन नाही त्याला उपाशी ठेवायला शस्त्र लागत नाही. नाव मागणाऱ्याची मजुरी बंद करता येते, ही गोष्ट गावाला पक्की ठाऊक होती.

एकनाथ आवाड (निधन २०१५) यांनी बीड जिल्ह्यात मानवी हक्क अभियान उभे केले ते याच जाणिवेतून. गायरान कसणाऱ्यांना संघटित करायचे आणि ताब्याचे पुरावे गोळा करायचे. राज्य सरकारच्या २८ नोव्हेंबर १९९१च्या निर्णयाने अनुसूचित जाती-जमाती आदी भूमिहीनांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याची वाट मोकळी केली. तारीख बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाची, म्हणून तिला भावनेचे मोल होते. पण कागदाचे मोल मिळवायला त्या तारखेआधीचा ताबा सिद्ध करावा लागे. तो कशाने? गाव नमुना १-ई मधील अतिक्रमणाच्या नोंदीने आणि दंडाच्या पावत्यांनी. म्हणजे सरकारने ज्याला गुन्हेगार ठरवून दंड केला, त्याच दंडाची पावती पुढे त्याच्या हक्काचा पुरावा ठरली. ज्याने पावती जपली त्याची जमीन झाली, ज्याची पावती छपराच्या गळतीत भिजली तो अतिक्रमणदारच राहिला. दंड भरताना पावती मागून घ्यावी, ती प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावी, एवढे सांगणारे माणूस वस्तीत असणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे यावरून कळेल.

नांदेडच्या किनवट-माहूरकडे गेले की तोच प्रश्न वनजमिनीचा होतो. तिथे गोंड, कोलाम, आंध वस्त्यांना २००६चा वनहक्क कायदा लागू आहे. त्या कायद्याचे नियम वडीलधाऱ्या माणसाचे लिहून घेतलेले कथन पुरावा म्हणून स्वीकारतात आणि दावा ग्रामसभेपासून सुरू होतो. गायरानासाठी दंडाची पावती, वनजमिनीसाठी म्हाताऱ्याची आठवण. एकाच जिल्ह्यात पुराव्याच्या दोन तऱ्हा आहेत. हे दोन्ही कागद कसे तयार होतात ते ज्याला कळते, त्यालाच या भागात आर्थिक न्यायाचा कार्यकर्ता म्हणता येईल.

३

याच मातीत पुढे फेलोशिप आली. सर्वांत ठळक उदाहरण कोरोचे. १९८९ साली मुंबईच्या वस्त्यांत साक्षरतेसाठी सुरू झालेली ही संस्था. साक्षर झालेल्या बायाच पुढे कामाच्या चालक झाल्या, आणि त्या अनुभवातून तळागाळातल्या नेतृत्वासाठीची फेलोशिप आकाराला आली. फेलो आपल्याच गावात, बहुधा स्थानिक संघटनेबरोबर काम करतो. त्याला मानधन, प्रशिक्षण आणि एका अनुभवी कार्यकर्त्याची सोबत मिळते. मराठवाड्यात एकल महिला संघटना उभी राहण्यामागे हे काम आहे. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित आणि अविवाहित या चार वेगळ्या नावांनी विखुरलेल्या बायांना 'एकल' हे एक नाव मिळाले. 'टाकलेली' या गावच्या शब्दाऐवजी बाई स्वतःला 'एकल' म्हणू लागली तेव्हा एक वाङ्मयीन घटनाही घडली होती. तिच्या नावातून पुरुष बाहेर गेला.

आता या कामातून निघणारे लेखन पाहू. पहिला प्रकार यशोगाथेचा. ती कोणत्याही संस्थेची असो, तिचा साचा ठरलेला असतो. आरंभी बाई दुःखात, नवरा गेलेला किंवा सोडून गेलेला. मग प्रशिक्षण. मग आत्मविश्वास. मग एक प्रसंग, ज्यात ती अधिकाऱ्यासमोर बोलते. शेवटी निराधार योजनेचा पगार सुरू, आणि तिचा हसरा फोटो. या गद्याचे व्याकरण तपासावे. 'तिला लाभ मिळवून दिला.' 'तिला सक्षम करण्यात आले.' बाई द्वितीयेत किंवा चतुर्थीत, कर्ता संस्था किंवा कुणीच नाही. 'लाभार्थी' हा शब्द तर हक्काचे रूपांतर मिळकतीत करून टाकतो. ज्या रकमेवर तिचा कायद्याने अधिकार आहे तो 'लाभ' कसा?

यशोगाथेतून सर्वांत आधी गळतो तो वेळ. तहसीलला किती खेपा झाल्या, प्रत्येक खेपेला किती मजुरी बुडाली, एसटीचे भाडे किती, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी कोणाच्या किती विनवण्या केल्या, हे सारे 'पाठपुरावा केला' या दोन शब्दांत मावते. दुसरा गळतो तो विरोध. सरपंच कोण, दीर काय म्हणाला, वस्तीतल्याच कुणी पाय ओढले, हे लिहिले तर पुढचे काम अडेल ही भीती खरी आहे. पण त्यामुळे यशोगाथेतल्या गावात अन्याय असतो, तो करणारे मात्र कुणी नसते. तिसरे, गळतात त्या नापास झालेल्या बाया. ज्यांचे अर्ज फेटाळले गेले त्यांची गाथा होत नाही.

मराठी वाचकाला याची उणीव लगेच जाणवावी, कारण आपल्या भाषेत याच अनुभवाचे थोर गद्य आहे. 'बलुतं' (१९७८), प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' (१९७९), बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) ही पुस्तके उभी राहतात ती तपशिलावर : कोणी काय खाल्ले, कोणी कोणाला कुठे बसू दिले, पैसे कोणाकडून आले आणि ते मिळवण्यासाठी काय गिळावे लागले. त्या पुस्तकांचे लेखक स्वतःच्या शरमेलाही जागा देतात. यशोगाथा शरम, भांडण आणि हिशोब तिन्ही वगळते. फेलो लिहितो तेव्हा त्याच्या पाठीशी एवढी मोठी परंपरा असते, आणि त्याच्या हातात मात्र दिला जातो शब्दमर्यादा ठरवलेला नमुना.

४

दुसरा लेखनप्रकार अर्जाचा. त्याकडे आपण वाङ्मय म्हणून पाहत नाही. तरीही त्याची शिस्त पाहण्यासारखी आहे. अर्जाला प्रति असते, म्हणजे तो कोणाला उद्देशून आहे हे ठरलेले असते. त्यावर तारीख असते. त्यात गट क्रमांक, शासन निर्णयाचा दिनांक, सोबतच्या कागदांची यादी असते. शेवटी अर्जदाराची सही किंवा अंगठा. इथे बाई कर्ता आहे : 'मी अर्जदार.' अर्ज उत्तर मागतो. आणि अर्ज दिल्याची पोच मिळते : आवक क्रमांक, शिक्का, दिनांक. २०१५च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांसाठी ही पोच, ठरलेली मुदत आणि नकार दिल्यास लेखी कारण हा नागरिकाचा अधिकार मानला. वस्तीतल्या माणसाला 'ठेवून जा, बघू' एवढेच ऐकायची सवय असते. त्यामुळे त्याच्या दृष्टीने पोच ही पहिली जीत आहे. राज्याने आपण आल्याची नोंद घेतली.

अर्जाची ताकद एका उदाहरणाने दाखवतो. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० सालची. एकल बायांच्या कामात तिचा उल्लेख सर्वांत जास्त येतो. तिचे अनुदान ६०० रुपयांवरून २०१९ मध्ये १,००० आणि २०२३ मध्ये १,५०० रुपये झाले. पण विधवा, परित्यक्ता अशा बहुतेक अर्जदारांसाठी अट वर्षानुवर्षे तीच राहिली : दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव, नाहीतर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत. हिशोब करू. वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०, दिवसाला सुमारे ५८ रुपये. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. त्या दराने एका बाईने वर्षात ७१ दिवस काम केले की ती मर्यादा ओलांडते. हमी मात्र तेव्हा शंभर दिवसांची, म्हणजे २९,७०० रुपयांची होती. एका कायद्याने दिलेले काम पूर्ण केले तर दुसऱ्या योजनेतून नाव कटते. नियम शब्दशः लावला तर महाराष्ट्रातल्या निराधार बाईला सरकारी हमीचे काम करणे परवडत नाही. आणि काम करूनही अनुदान घ्यायचे तर उत्पन्नाच्या दाखल्यावर खोटा आकडा लिहून घ्यावा लागतो. योजना गरिबाला आधी खोटे बोलायला लावते आणि मग त्या खोटेपणाच्या धाकात ठेवते.

आता २०२४ची लाडकी बहीण योजना शेजारी ठेवा. रक्कम तीच, १,५००. उत्पन्नाची मर्यादा मात्र अडीच लाख, म्हणजे जवळपास बारा पट. शिवाय दुसऱ्या सरकारी योजनेतून १,५०० किंवा अधिक मिळत असतील तर लाडकी बहीण मिळत नाही. म्हणजे नवरा असलेल्या, अडीच लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातल्या बाईला सरकार जेवढे देते, तेवढेच ते कुणीही नसलेल्या बाईला देते. फक्त तिला त्यासाठी कितीतरी अधिक दाखले आणावे लागतात. एकलपणाचे मोल सरकारच्या हिशोबात शून्य आहे.

हे आकडे कुणा एका बाईच्या यशोगाथेत कधी येणार नाहीत, कारण त्या गाथेत अनुदान सुरू होणे हाच शेवट असतो. पण ज्या फेलोने गावातल्या चाळीस बायांचे अर्ज भरले, त्यातले किती कोणत्या अटीवर अडले याची वही ठेवली, तिच्या वहीतून हा प्रश्न आपोआप वर येतो. चाळीस अर्ज आणि चाळीस पोच एकत्र ठेवल्या की त्यांचे धोरणावरचे भाष्य होते. एकेकीची कहाणी सहानुभूती मिळवते. नाकारलेल्या अर्जांचा गठ्ठा नियम बदलायला लावू शकतो. आर्थिक न्यायाची मागणी म्हणजे हा गठ्ठा बांधणे.

गायरानाचेही तसेच. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याचा निकाल दिला. त्याचा धाक घेऊन राज्यात आदेश निघाले आणि २०२२च्या अखेरीस उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गावोगाव नोटिसा पोचल्या. पुढे कारवाईला खीळ बसली तरी टांगती तलवार राहिली. पण मूळ निकालातच अपवाद नमूद आहे : सरकारी अधिसूचनेखाली भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना पट्टा दिलेला असेल तर नियमितीकरण करता येईल. नोटीस घेऊन आलेल्या माणसासमोर निकालातला तो भाग आणि १९९१चा निर्णय ठेवणारे कुणी वस्तीत असले तर घर वाचण्याची शक्यता उरते. नसेल तर जेसीबी येतो. फेलोशिपचे मोल मोजायची जागा ही आहे.

५

आता टीकाकारांचे म्हणणे. पहिला आक्षेप : पैसे घेऊन चळवळ होत नाही. या आक्षेपामागे एक जुनी प्रतिमा आहे : घरदार सांभाळणारे कुणी पाठीशी असलेला, शिकलेला, बहुधा पुरुष कार्यकर्ता. त्याच्या त्यागाबद्दल आदर ठेवूनही म्हणावे लागते की ज्या बाईची मजुरी एक दिवस बुडाली तर संध्याकाळची चूल अडते, तिने फुकट काम करावे ही अपेक्षा त्यागाची नाही, वेठीची आहे. महाराष्ट्राच्या गावगाड्याने काही जातींकडून पिढ्यान्‌पिढ्या वेठ घेतली. त्याच जातींतल्या बायांकडून चळवळीने वेठ घेऊ नये. म्हणून मानधन हवेच.

पण 'मानधन' हा शब्दही तपासायला हवा. आशा, अंगणवाडी सेविका, संवाद सहायक, फेलो या साऱ्यांना मिळते ते मानधन. पगार म्हटले की किमान वेतन, रजा, भविष्य निर्वाह निधी हे प्रश्न उभे राहतात. मान आणि धन जोडले की मानाच्या बदल्यात धन कमी चालते, असा समज रूढ होतो. आर्थिक न्यायासाठी लढणारी बाई स्वतः किमान वेतनाच्या खाली राबत असेल तर त्या फेलोशिपने आधी आपला हिशोब मांडावा. हे कुणा एका संस्थेविषयीचे विधान नाही. सगळ्या क्षेत्राने स्वतःला विचारायचा हा प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप पैशाच्या उगमाचा. तो अधिक गंभीर आहे. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर सामाजिक उत्तरदायित्वासाठी नफ्याच्या दोन टक्के खर्चाचे बंधन आणले. हा पैसा कौशल्य, उपजीविका, शिवणयंत्र यांच्याकडे सहज वाहतो. गायरानाच्या दाव्याकडे नाही. शिवणयंत्राचा फोटो निघतो, फेरफाराचा निघत नाही. दुसरीकडे २०२० साली परदेशी निधीच्या कायद्यातील दुरुस्तीने एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला तो निधी देण्यावर बंदी घातली. मोठ्या संस्थेने निधी मिळवायचा आणि गावपातळीवरच्या छोट्या संघटनांमार्फत फेलो उभे करायचे, या रचनेच्या मुळावरच हा घाव होता. त्यामुळे 'परदेशी पैसा' ही शिवी देणाऱ्यांनी एवढे तरी मान्य करावे की तो पैसा आटला तेव्हा त्याची जागा मराठी समाजाने भरून काढलेली नाही. कृतज्ञता निधीसाठी नाटकाचे तिकीट काढणाऱ्या पिढीनंतरच्या आपण सुस्थित मध्यमवर्गाने या गावांतल्या किती कार्यकर्त्यांची एका वर्षाची जबाबदारी घेतली, हा प्रश्न दिवाळी अंकाच्या वाचकाला टाळता येणार नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत रास्त वाटतो. फेलोशिप एका व्यक्तीला निवडते, अन्याय मात्र वस्तीवर असतो. निवडलेला माणूस पुढे जातो, बोलायला शिकतो, परिषदांना जातो; मुदत संपते आणि वस्ती पुन्हा एकटी पडते. बडोद्याच्या कहाणीतली अडचण इथे वेगळ्या रूपात परत येते. माणूस बदलला, त्याच्या परतण्याची जागा बदलली नाही. 'लोकांनी चालवलेली' असे ज्या फेलोशिपविषयी म्हणायचे तिची निवड, तिच्या कामाचा विषय आणि तिचा ताळेबंद यांपैकी किमान एक गोष्ट तरी लोकांच्या हाती असली पाहिजे. समाजातल्या माणसाला दिलेली फेलोशिप आणि समाजाने चालवलेली फेलोशिप यांत हेच अंतर आहे.

यावर उपाय फार मोठे नाहीत. फेलोने ठेवलेली वही संस्थेच्या अहवालापुरती न राहता गावात राहावी : कोणाचा अर्ज, कोणत्या तारखेला, आवक क्रमांक काय, उत्तर काय आले. ती वर्षातून दोनदा वस्तीसमोर वाचली जावी. फेटाळलेल्या अर्जांचा हिशोब मंजूर अर्जांइतकाच ठळक छापला जावा. आणि यशोगाथा लिहायचीच तर ज्या बाईची ती आहे तिने ती प्रथमपुरुषी सांगावी, आणि तिला हवे ते भांडण त्यात ठेवण्याची मुभा असावी.

संवाद सहायकांच्या कामाला आता तीन दशके झाली. त्या काळाचे अहवाल वाचनालयांत असतील. त्या बायांनी घेतलेल्या मोजमापांवर उभी राहिलेली घरे मात्र लातूरच्या गावांत आजही राहती आहेत. कार्यक्रम संपला, घर राहिले. गायरानाची दंडाची पावती तशीच : ज्याने ती काढायला लावली त्याचे नाव कुणाला आठवत नाही, पण सातबाऱ्यावरचे नाव वाचता येते. फेलोशिप संपल्यावर मागे काय उरते, ही तिची अखेरची कसोटी आहे. गावातल्या एखाद्या पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या, शिक्क्यांच्या पोच उरल्या असतील, आणि दुसरा अर्ज कसा लिहायचा हे वस्तीतल्या आणखी चौघींना येत असेल, तर ती फेलोशिप चालली असे मी म्हणेन. मग तिची यशोगाथा कुणी लिहिली नाही तरी चालेल.